३५ हजार क्युसेक म्हणजे माझ्या जिन्याची कितवी पायरी?

पावसाळ्यात कोल्हापूरकराला विचारा, पाणी किती आलंय? तो फुटांत सांगेल. "राजाराम बंधाऱ्यावर ३८ फूट. रात्रीत ३९ होतंय बघा." ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. सांगलीकराचा जीव आयर्विन पुलाच्या पट्टीवर टांगलेला. तिथे इशारा ४० ला, धोका ४५ ला. पुणेकराला तोच प्रश्न विचारा. तो म्हणेल, "खडकवासल्यातून २५ हजार क्युसेक सोडलंय." मग जरा थांबून, "भिडे पूल पाण्याखाली गेला."

फूट ही उंची आहे. पंचगंगा एक फूट वाढली की कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, कुणाच्या दुकानाच्या उंबऱ्याला लागतं, हे तिथे सवयीनं माहीत असतं. क्युसेक हा प्रवाह आहे, म्हणजे एका सेकंदात किती घनफूट पाणी पुढे गेलं त्याचा आकडा. धरणावरच्या अभियंत्याला तो पुरतो, कारण दरवाजे किती उचलायचे हे त्याला ठरवायचं असतं. तळमजल्यावर राहणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत येणार आणि किती वाजता, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात लोक पहाटे उठले तेव्हा पार्किंगमध्ये पाणी होतं. त्या दिवशी खडकवासल्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला होता. बोटी आल्या, लष्कराला बोलवावं लागलं. डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे पाण्यातून हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्यानं तिघांचा जीव गेला. नंतर बरेच दिवस 'कळवलं होतं' आणि 'कळलंच नाही' असा वाद चालला. मला वाटतं, दोन्ही बाजू आपापल्या परीनं खरं बोलत असाव्यात. कळवले गेले ते क्युसेक, आणि लोकांना कळायला हवी होती ती पायरी.

शहरानं पुराचा धोका कमी करणं म्हणजे बरंचसं हे भाषांतर आहे. पावसाचं प्रवाहात, प्रवाहाचं उंचीत, उंचीचं नकाशावरच्या रेषेत, रेषेचं नियमात. दर टप्प्यावर काहीतरी सांडतं. कुठे आणि का सांडतं, ते पुण्याच्या मुठेचं उदाहरण धरून बघू.

सेकंदाला १०० टँकर

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. पुण्याच्या उपनगरांत टँकर म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. १० हजार लिटरचा टँकर धरला तर ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण १०० टँकर. हा लेख वाचून होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली, तर तेवढ्या वेळात ९० हजार टँकर रिकामे झाले असं समजा.

धरणाचं पाणी मात्र टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दोन्ही मापांची सांगड घालायला एक आकडा लक्षात ठेवावा: ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. हा आकडा खिशात असला की धरणाच्या बातम्या एकदम वेगळ्या दिसायला लागतात.

पुण्याच्या वर चार धरणं आहेत. मुठेवर टेमघर, मोसीवर वरसगाव, आंबीवर पानशेत, आणि या तिन्हींचं पाणी जिथे येतं तिथे खडकवासला. वरसगाव १२.८२ टीएमसीचं, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. आणि खडकवासला? फक्त १.९७. तीन हंड्यांखाली एक वाटी ठेवावी तसा हा प्रकार. वर सांगितलेल्या हिशोबानं बघा: ३५ हजार क्युसेक पाणी येत असेल, तर अगदी रिकामं असलेलं खडकवासलाही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरतं. आणि जुलैअखेर ते रिकामं नसतंच.

म्हणून 'खडकवासल्यात पाणी अडवून का नाही ठेवलं?' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. अडवायला जागाच नाही. पूर झेलायची ताकद आहे ती वरच्या पानशेत-वरसगावात, आणि तीही तिथे मुद्दाम जागा रिकामी ठेवली असेल तरच. इथे खरी ओढाताण सुरू होते. पूर झेलायचा तर धरण रिकामं हवं. वर्षभर पाणी पुरवायचं तर भरलेलं हवं. हेच पाणी पुणे शहर पितं आणि याच पाण्यावर कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरची शेती होते. जुलैत जागा ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं आणि जागा रिकामी ठेवणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. पूर आला तर निदान 'निसर्गाचा कोप' म्हणता येतं.

या ओढाताणीसाठी प्रत्येक मोठ्या धरणाचं एक वेळापत्रक ठरवलेलं असतं. कोणत्या तारखेला पाण्याची पातळी कुठवर चढू द्यायची, त्याच्या वर गेलं की सोडायचं. कागदावर ते उत्तम असतं. पण हे वेळापत्रक मागच्या अनेक वर्षांच्या पावसाच्या सरासरीवर बेतलेलं असतं आणि आजचा घाटमाथ्यावरचा पाऊस सरासरीनं पडत नाही. तो आठ दिवस दडी मारतो आणि मग दोन दिवसांत महिन्याचा हिशोब चुकता करतो. सगळी धरणं एकाच आठवड्यात भरली की वरचं पाणी खाली, खालचं नदीत, अशी रांग लागते. तेव्हा खडकवासल्यावरच्या माणसाच्या हातात थोडंच उरतं: जेवढं येतंय तेवढं सोडायचं. त्याच्या हातात एक गोष्ट मात्र असते. दुपारी थोडं आधीच सोडायला सुरुवात करायची, की रात्री एकदम सोडायचं. एकतानगरीसारख्या वस्तीला या एका गोष्टीनं केवढा फरक पडतो ते वेगळं सांगायला नको.

यात आणखी एक पाणी आहे ज्याला दरवाजाच नाही. खडकवासल्याच्या खाली, शहरावर आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर पडणारा पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट मुठेत येतो. अभियंते त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. धरणाचा आकडा ३५ हजार असला तरी म्हात्रे पुलाखालून जाणारं पाणी त्याहून जास्त असू शकतं. आणि संगमावर मुळा भरून आली असेल, वरून मुळशीचं आणि पवनेचं पाणी सुटलेलं असेल, तर मुठेला पुढे जायला वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबतं. नदीकाठच्या लोकांकडे यासाठी नेमका शब्द आहे: फुगवटा. संगमाजवळची पाटील इस्टेट वस्ती दर मोठ्या पावसात बुडते त्यात या फुगवट्याचा हात मोठा. धरणाच्या बातमीत मात्र तो कधीच नसतो.

दोन रेषा

आता नकाशा. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यानं १९८९ मध्ये एक परिपत्रक काढून नदीकाठी दोन रेषा आखायची पद्धत घालून दिली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्रात काठोकाठ मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पूर, यातला जो मोठा तो जिथवर पोचेल ती निळी रेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. वर धरण असेल तर त्याच्या सांडव्यातून येऊ शकणारं पाणीही तिच्यात धरायचं. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लालच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. मुठेसाठी खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक सुटले तर पाणी जिथवर जाईल ती निळी रेषा आणि १ लाख क्युसेकला जिथवर जाईल ती लाल, असं धरतात.

आता '१०० वर्षांतून एकदा' या शब्दांनी जेवढा घोटाळा केलाय तेवढा क्वचितच कुठल्या शब्दांनी केला असेल. ऐकणाऱ्याला वाटतं, २००५ ला आला म्हणजे आता नातवंडांच्या काळात बघू. नदीला कॅलेंडर नसतं. त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता १ टक्का. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का. फासे टाकण्यासारखं आहे हे. कोल्हापूरला २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, लोक म्हणाले असं आयुष्यात एकदाच, आणि २०२१ मध्ये ती त्याच्याही वर गेली.

हे गृहकर्जाच्या भाषेत मांडलं की जास्त टोचतं. निळ्या रेषेवर फ्लॅट घेतला, कर्ज २० वर्षांचं. दर वर्षी ४ टक्के शक्यता धरली, तर हप्ते फिटेपर्यंत निदान एकदा पाणी दारात येण्याची शक्यता ५६ टक्के होते. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जास्त. लाल रेषेवर घर असेल तर १८ टक्के. बँक व्याजाचा दर अर्ध्या टक्क्यानं वाढवते तेव्हा आपण किती कॅलक्युलेटर बडवतो! या टक्क्यांसाठी कुणी एकदाही बडवत नाही.

रेषेच्या आत काय चालतं याची यादी राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, पण बाग, हिरवळ, पार्किंग, ओट्यांची उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प, पाण्याच्या-गटाराच्या वाहिन्या असलं चालतं. ही यादी वाचताना मला गंमत वाटते, कारण जुन्या पुण्याच्या नदीकाठाचं हे जवळपास वर्णनच आहे. घाट, देवळाचा दगडी चौथरा, धुणी, स्मशान, काठाला मळे. घरं वर, पेठांत. पाणी आलं की चौथरा धुऊन निघायचा आणि गेलं की पुन्हा वापरात. बुडलं तरी फार बिघडणार नाही अशाच गोष्टी पाण्याच्या वाटेत ठेवायच्या, हे शहाणपण नियमावलीच्या कितीतरी आधीचं आहे. आज त्याच काठानं गाड्यांचा रस्ता जातो, मेट्रोचे खांब उभे आहेत आणि म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात लग्नाच्या लॉन्सची मालिका उभी राहिली होती. 'हिरवळ चालते' याचा अर्थ हिरवळीला मंडप, मंडपाला शेड, शेडला भिंत असा वाढत गेला.

निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळते, पण अट आहे: जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवं. ऐकायला ही अट सुरेख आहे. आत राहणाऱ्याचं घर कोरडं राहतं. पण ती दोन प्रकारे पाळता येते. इमारत खांबांवर उभी करा, खालून पाणी जाऊ द्या. नाहीतर प्लॉटवर दोनशे डंपर मुरूम टाका आणि जमीनच वर उचला. दोन्हींत जोतं तेवढंच वर. पहिल्यात नदीची जागा नदीकडे राहते. दुसऱ्यात ती गेली. आणि तिथलं पाणी शेजारच्या जुन्या सोसायटीत गेलं, जिला परवानगी मिळाली तेव्हा ही अटच नव्हती.

भराव

हा मुद्दा जरा सावकाश बघायला हवा, कारण माझ्या मते शहरी पुराचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कंटाळवाणं कारण हेच आहे. कंटाळवाणं म्हणून त्याची बातमी होत नाही.

समजा, एक नदी १०० मीटर रुंद आहे. तिच्यातून सेकंदाला हजार घनमीटर पाणी जातंय, म्हणजे आपल्या भाषेत ३५ हजार क्युसेकच. पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर. तर पाण्याची खोली ४ मीटर होईल: १०० गुणिले ४ गुणिले अडीच, हजार. आता दोन्ही काठांना दहा-दहा मीटर भराव टाकला. रुंदी ८०. वेग तोच राहिला तर खोली ५ मीटर व्हायला हवी. प्रत्यक्षात खोल झालेलं पाणी थोडं वेगानं पळतं, त्यामुळे वाढ थोडी कमी होते. तरी दीड-दोन फूट नक्की. (ही मुठेची मापं नव्हेत, समजण्यापुरता हिशोब आहे.) धरणानं एक थेंबही जास्त सोडला नाही. पाऊस तेवढाच. आणि पाणी दोन फूट वर. तळमजल्यावरच्या माणसाला दोन फूट म्हणजे फ्रिज, पलंग, इन्व्हर्टर आणि कपाटातले सगळ्यात खालचे कप्पे, जिथे आपण नेमकी कागदपत्रं ठेवतो.

दहा मीटर भराव एकदम कुणी टाकत नाही. घराच्या दुरुस्तीचा राडारोडा रात्री टेम्पोनं येतो. महिन्याभरानं त्यावर गवत उगवतं. दोन वर्षांनी कुणीतरी तिथे गाड्या लावतो. पाच वर्षांनी पत्र्याचं कुंपण. यातल्या कुठल्याही एका टप्प्यावर पूर आला नाही, तर ती जमीन म्हणून मान्य होते. शिवाय नुसती रुंदीच जाते असं नाही. झुडपं वाढली, पुलाच्या खांबांना कचरा अडकला, काठ खडबडीत झाला, की पाण्याचा वेग उतरतो आणि वेग उतरला की खोली वाढते. पूल, बंधारे, पात्रातला रस्ता, सगळे आपापला वाटा उचलतात.

म्हणून पूररेषेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कागदावर ती कायमची वाटते, पण ती आखली तेव्हाच्या पात्राच्या मापावर आखलेली असते. पात्र आकसलं की ६० हजार क्युसेकला पाणी आणखी वर जातं, रेषा मात्र जुन्याच जागी. ३५ हजार क्युसेकला घरात पाणी शिरणं म्हणजे, नकाशाच्या हिशोबानं, निळ्या रेषेचा पूर अजून यायचाच आहे. ही ओळ मी लिहिली आणि स्वतःच दोनदा वाचली.

भरावाला उतारा आहे आणि तो अगदी साधा आहे. इंग्लंडमध्ये पूरमैदानात भराव घालून बांधायचं असेल, तर जेवढी जागा अडवली तेवढीच, त्याच उंचीवर, जवळपास खोदून पाण्याला परत द्यावी लागते. उसनवारीचा हिशोब, दुसरं काय. आपल्याकडे शेजाऱ्याच्या बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. नदीचा बांध कोरला तर फिर्यादी कोण, एवढाच प्रश्न.

ओढ्याला धरण नसतं

आतापर्यंत मी नदीबद्दल बोललो, पण पुण्यातली अलीकडची सगळ्यात भयानक रात्र नदीची नव्हती. २५ सप्टेंबर २०१९. कात्रजच्या डोंगरावर रात्री ढग कोसळले आणि आंबिल ओढा कात्रज, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असा भिंती पाडत, गाड्या उलटवत दांडेकर पुलाकडे गेला. शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी कुठल्याच धरणाच्या क्युसेकचा संबंध नव्हता.

नदीच्या पुराला काही तासांची तरी सूचना असते. धरण असतं, त्यावर माणूस असतं, त्याच्याकडे फोन असतो. ओढ्याचा पूर डोंगरावर पाऊस पडल्यापासून तास-दोन तासांत दारात येतो. डोंगरउतारावर गवत आणि माती होती तेव्हा पावसातलं बरंचसं पाणी मुरायचं, उरलेलं रेंगाळत यायचं. आता तिथे काँक्रीटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉकची अंगणं. पाणी तेवढंच, पण सगळं एकदम खाली येतं. खाली ओढ्याची रुंदी बघावी तर कुठे सीमाभिंत आत सरकलेली, कुठे स्लॅब टाकून वर रस्ता, कुठे एवढ्याशा पाइपांतून कोंबलेला.

या शहरात ओढ्याशी वागायची जुनी रीत वेगळी होती. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी नळानं शहरात आणलं गेलं आणि हाच आंबिल ओढा वळवून पेठांपासून दूर नेला गेला. म्हणजे ओढ्याची ताकद त्या लोकांना माहीत होती. १९६१ नंतरचा इतिहास तर आणखी चटका लावणारा. त्या वर्षी १२ जुलैला बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठचं जुनं पुणं वाहून गेलं. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यातली एक सहकारनगर. नदीपासून लांब, उंचावर, सुरक्षित म्हणून. मुठेला टाळून माणसं तिथे गेली आणि अठ्ठावन्न वर्षांनी त्याच भागात ओढा आला.

ओढ्यासाठी काय करता येतं? वर डोंगरात छोटे साठे आणि चर, म्हणजे पाणी येतानाच दमावं. मधे जिथे मैदान, बाग, शाळेचं पटांगण आहे तिथे ते चार फूट खोल ठेवायचं, पावसात तासाभरासाठी तळं होऊ द्यायचं. खाली रुंदी परत मिळवायची, आणि यात घरं हलवावी लागतात, राजकारण येतं, वर्षं जातात. बहुतेक शहरं यातलं तिसरं टाळतात आणि पहिल्या दोनांऐवजी ओढ्याला दोन्ही बाजूंनी उंच सीमाभिंत बांधतात. भिंत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. ती एका वस्तीला वाचवते आणि पाणी आणखी जोरात पुढच्या वस्तीकडे ढकलते.

भिंतीवर आणखी थोडं

हीच गोष्ट नदीच्या पातळीवर सध्या पुण्यात चर्चेत आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठ बांधून काढायचा नदीकाठ सुधार प्रकल्प २०२२ पासून सुरू आहे. डोळ्यांसमोर अहमदाबादची साबरमती. आखणाऱ्यांचं म्हणणं, पात्रातले अडथळे काढून, तळ नीट करून पुराची पातळी खालीच येईल. विरोधकांचं म्हणणं, दोन्ही बाजूंनी काठ भरून बांधला की पात्र अरुंद होणार आणि जे पाणी पसरायचं ते चढणार. संगणकावरचं गणित दोन्ही बाजूंना करता येतं. मी स्वतः वरच्या भरावाच्या हिशोबाकडे झुकतो. आणि त्याहून जास्त मला एक साधी गोष्ट खटकते. काठ बांधला की लोकांना वाटतं आता भीती गेली. मग काठाला लागून आणखी घरं, आणखी तळघरं. एक दिवस भिंतीपेक्षा मोठं पाणी येतं तेव्हा भिंत नसताना बुडलं असतं त्याहून जास्त बुडतं. सांगली-कोल्हापुरात रस्त्यांचे उंच भराव आणि पुलांचे जोडरस्ते बंधाऱ्यासारखे वागतात अशी तक्रार दर पुरानंतर होते. भिंत बांधली काय आणि रस्ता बांधला काय, पाण्याला दोन्ही सारखेच.

या बाबतीत नेदरलँड्सचं उदाहरण मला आवडतं, कारण शेकडो वर्षं बांध घालण्यात ज्यांनी हयात घालवली त्यांनीच ते मागे घेतले. १९९५ च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी त्यांनी नदीला जागा द्यायची योजना आखली. नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर आत सरकवला, बाजूनं दुसरी वाट खोदली, पन्नासेक घरं उठवली. पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरनं उतरली. म्हणजे एक फूटभर. एका फुटासाठी एवढं सगळं! पण जिन्याच्या पायऱ्या मोजायची सवय लागली की एक फूट म्हणजे दोन पायऱ्या, हे लगेच कळतं.

पायरीचा पत्ता

राहिलं शेवटचं भाषांतर, क्युसेकचं पायरीत. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. नदीची मापं आहेत, संगणकाची प्रारूपं आहेत. १५ हजार, २५ हजार, ३५ हजार, ४५ हजार क्युसेकला कोणत्या रस्त्यावर किती फूट पाणी असेल, याचा तक्ता प्रत्येक नदीकाठच्या सोसायटीला पावसाळ्याआधी मिळायला हवा. सूचना देताना 'विसर्ग वाढवण्यात येत आहे, नागरिकांनी सतर्क राहावे' असं म्हणण्याऐवजी 'पहाटे चारला अमुक चौकात गुडघाभर' असं म्हणता यायला हवं. कोल्हापूरकराला हे एका बंधाऱ्यावरच्या पट्टीनं मिळतं. पुण्यात मुठेवर पुलांची रांग आहे. त्यांच्या खांबांवर ठळक रंगात फुटांच्या पट्ट्या मारल्या आणि धरणाच्या बातमीत त्यांचा आकडा दिला, तरी बरंचसं काम होईल.

तोवर आपलं आपण काय करावं? नदीजवळ घर घेताना विकास आराखड्याच्या नकाशावर दोन्ही रेषा बघाव्यात आणि बिल्डरला जोत्याची पातळी मीटरमध्ये विचारावी. 'कधी पाणी आलं नाही हो साहेब' हे उत्तर नव्हे. विजेच्या मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर ती वर न्यायचा ठराव सोसायटीच्या सभेत मांडावा. पुरात बुडून जातात तशीच माणसं विजेनंही जातात. गटाराचं पाणी नदीत सोडणाऱ्या पाइपाला एकतर्फी झडप आहे का ते बघावं. नदी चढली की हे पाइप उलटे वाहतात आणि नदी दारात यायच्या आधी चेंबरमधून, न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येतं. आणि विसर्ग सुरू झाल्याचं कळलं की सगळ्यात आधी गाडी, मग लिफ्ट वरच्या मजल्यावर बंद, मग मेन स्विच.

आणि एक खडू घ्यावा. माझ्या ओळखीतल्या एका नदीकाठच्या सोसायटीत वॉचमन काकांनी जिन्याच्या भिंतीवर तारखा लिहून ठेवल्यात. प्रत्येक तारखेपुढे आडवी रेघ, पाणी कुठवर आलं ती, आणि शेजारी त्या दिवशीचा धरणाचा आकडा. पहिल्या पायरीला २२ हजार. चौथीला ३५. नवव्या पायरीजवळ त्यांनी ६० लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.